साडेसतरा इंचाचा खांदा आणि गोव्याचा पावसाळा

मामेभावाचं लग्न मे महिन्यात होतं, सकाळचे विधी म्हार्दोळला आणि संध्याकाळी रिसेप्शन फोंड्याला, आणि या वेळी मी ठरवलं होतं की कपडे नीट घ्यायचे, म्हणजे एका संध्याकाळपुरते घालून कपाटात कोंबायचे असले नाही तर चांगल्या कापडाचे, अंगावर बसणारे आणि पुढची आठदहा वर्षं घालता येतील असे. मी राहतो डिचोलीत, एका फार्मा कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे, रोजचं काम म्हणजे मोजणं आणि मोजलेलं लिहून ठेवणं. पणजीत १८ जून रस्त्यावर दोन शनिवार फिरलो, ब्लेझर भरपूर बघितले पण जवळजवळ सगळे पॉलिस्टर मिक्स आणि जाड अस्तराचे, आणि मे महिन्यात गोव्यात ते घालून उभं राहणं म्हणजे शिक्षा. मला हवा होता पातळ विणीचा, हवा खेळणारा वुलन कोट, अर्धं अस्तर असलेला. दुकानात नाही म्हटल्यावर ऑनलाइन शोधायला लागलो, तिथून पुढे जे जे झालं ते सगळं इथे लिहितोय कारण यातलं बरंचसं मला आधी कोणी सांगितलं असतं तर एक अख्खा महिना आणि एक चांगला शर्ट वाचला असता.

पहिली ऑर्डर चुकली. साइटवर साइझ चार्ट होता, त्यात ४० समोर छाती ४०, खांदा १८.५ वगैरे आकडे, माझी छाती ४० म्हणून ४० मागवला. आता चार्टमधला ४० हा माणसाच्या अंगाचा आकडा आणि १८.५ हा तयार कोटाच्या खांद्याचा आकडा, दोन्ही एकाच ओळीत शेजारी शेजारी, कुठला कशाचा ते कुठेही लिहिलेलं नाही. कोट आला तर दोन्ही खांदे अर्धा अर्धा इंच बाहेर पडलेले, आणि मुंढा (बाही जोडतात तो भाग) इतका खाली की हात वर केला की सगळा कोट कानापर्यंत वर यायचा. परत करायला गेलो तर म्हणे तुमच्या पिन कोडला रिटर्न पिकअप नाही, तुम्हीच कुरिअर करा, कुरिअरचा खर्च तुमचा. ऑर्डर करताना त्याच पिन कोडला "इझी रिटर्न" दाखवत होते त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता. चार दिवस चॅटवर तेच तेच उत्तर येत राहिलं, मग मी त्यांच्या साइटवर खाली बारीक अक्षरात तक्रार अधिकाऱ्याचा ईमेल शोधला आणि स्क्रीनशॉट जोडून लिहिलं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे असा तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवावं लागतं आणि एका महिन्यात निकाली काढावी लागते, हे मी त्या मेलमध्ये सरळ लिहिलं, आणि नाही झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार हेही लिहिलं. बाराव्या दिवशी पिकअपवाला दारात आणि पैसे परत. भांडायला लागलंच नाही, पण स्क्रीनशॉट नसता तर काहीच झालं नसतं, तेव्हापासून ऑर्डर करायच्या आधी रिटर्नच्या पानाचा फोटो काढून ठेवतोच.

मधल्या काळात आईने माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली, बाबांचा लग्नातला कोट बघ म्हणाली. १९८४ चा, म्हापशात शिवलेला, टेरिवूलचा, गडद राखाडी. कॉलरची पद्धत जुनी, लांबीला जास्त, पोटावर मला ढिला, पण खांदा असा बसला की मी आरशासमोर पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. मागून कॉलर मानेला चिकटलेली, खांद्याची शिवण बरोबर हाड संपतं तिथे, बाहीला कुठे खळगा नाही. बाबा तेव्हा पोटाने माझ्यापेक्षा जाड होते पण खांदे सेम. मग तो कोट पलंगावर उताणा पसरला, बटणं लावली, हाताने सारखा केला आणि मागच्या बाजूने एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजलं, साडेसतरा इंच.

इथे टेपबद्दल एक सांगायलाच हवं. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेतली होती, सवयीने ती स्टीलच्या फूटपट्टीवर लावून बघितली तर साठ इंचात जवळजवळ अर्ध्या इंचाचा फरक, वर्षानुवर्षं ओढून ओढून टेप लांब झालेली. खांद्याच्या मापात तो फरक फार नाही पण छाती आणि पँटच्या लांबीत लागतोच. नवी टेप ३० रुपयांना मिळते, घ्या, आणि एकदा पट्टीवर तपासा.

त्यानंतर मी अंगाचं माप देणं बंदच केलं. अंगाचं माप घेताना श्वास, टेप किती आवळली, आतला बनियन, सगळ्याने आकडा बदलतो. त्यापेक्षा तुमच्याकडे जो शर्ट सगळ्यात चांगला बसतो तो पसरून मोजा: खांदा, काखेपासून काखेपर्यंत (त्याची दुप्पट म्हणजे छाती), पोट, बाही, लांबी, आणि कॉलर बटण लावून. हे आकडे वहीत लिहून ठेवा आणि दुकानदाराला विचारा की तयार कपड्याची मापं द्या, चार्टमधली नकोत, तो कपडा टेबलावर पसरून वर टेप ठेवून फोटो पाठवा. चांगले विक्रेते पाठवतात. जे पाठवत नाहीत त्यांच्याकडून मी घेतच नाही, आणि मला वाटतं कोणीच घेऊ नये, मग डिस्काउंट कितीही असो. माझ्या शर्टाची छाती तयार ४४ लागते, म्हणजे अंगापेक्षा चार इंच जास्त, लिननला ४५ कारण लिनन ताणत नाही आणि आपल्याकडे घाम येतो तेव्हा कापड अंगाला न चिकटणं जास्त महत्त्वाचं. पँटचं तर विचारूच नका, लेबलवर ३४ आणि प्रत्यक्षात कंबर ३५ ते ३६, प्रत्येक कंपनीचं वेगळं, आपल्याला बारीक वाटावं म्हणून आकडा कमी लिहितात.

दुसरा कोट मी ऑर्डरप्रमाणे शिवून देणाऱ्या एका छोट्या ऑनलाइन दुकानातून घेतला, साडेअकरा हजारांना. मला खूप वाटले पैसे, पण घेण्याआधी चार प्रश्न विचारले आणि चारींची नीट उत्तरं आली. पहिला, आत काय आहे, पेस्टिंग की कॅनव्हास. हे समजून घेण्यासारखं आहे. कोटाच्या छातीला आकार यावा म्हणून आत एक थर असतो, स्वस्त कोटात तो डिंकासारख्या रसायनाने गरम प्रेसखाली चिकटवलेला असतो, आपले टेलर त्याला पेस्टिंग म्हणतात, आणि उष्णतेने, वाफेने, चुकीच्या ड्रायक्लीनने ते पेस्टिंग सुटलं की समोर बारीक बारीक फुगे येतात, ते पुन्हा बसत नाहीत. कॅनव्हासमध्ये तो थर टाके घालून बसवलेला असतो, मोकळा असतो, अंगाप्रमाणे वळतो. हाफ कॅनव्हास म्हणजे छाती आणि लॅपेलपर्यंत (कोटाची पुढची दुमडलेली पट्टी) टाक्यांचा आणि खाली पेस्टिंग, खर्चाच्या मानाने आपल्यासारख्यांना तो पुरे. घरी आल्यावर तपासायचं असेल तर वरच्या बटणाच्या वर, छातीवर, बाहेरचं कापड आणि आतलं कापड दोन बोटांत धरून हळूच वेगळं करून बघा, मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला तर कॅनव्हास आहे.

दुसरा प्रश्न कापडाचा. मी हॉपसॅक विणीचं वुलन घेतलं, उजेडासमोर धरलं तर आरपार बारीक छिद्रं दिसतात, वारा लागतो. लोकर म्हटलं की गोव्यात लोक हसतात पण पातळ, मोकळ्या विणीची लोकर पॉलिस्टरपेक्षा कितीतरी थंड, घाम शोषते आणि रात्रभर टांगली की चुण्या आपोआप निघतात. सुपर १०० की सुपर १२० या आकड्यांच्या मागे लागू नका, तो आकडा म्हणजे तंतू किती बारीक एवढंच, सुपर १०० ला जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉन आणि सुपर १२० ला १७.७५, आणि तंतू जितका बारीक तितकं कापड मऊ पण नाजूकही, बाइकवर आणि कदंबाच्या (गोव्याची सरकारी बस) सीटवर घासणाऱ्या पँटला सुपर १५० काय कामाचं. तिसरा प्रश्न, आत मार्जिन, म्हणजे शिवणीत जास्तीचं कापड, किती सोडता, कारण मार्जिन असलं तर पुढे पोट वाढलं तरी कोट वाचतो. आणि चौथा म्हणजे बाह्या अर्धवट ठेवाल का, म्हणजे मनगटाकडे काजं न करता नुसती बटणं किंवा तीही नको. हे फार उपयोगाचं निघालं, कारण बाहीला खरीखुरी काजं कापलेली असतील तर ती खालून कमी करता येत नाही, वरून खांद्याकडून उसवून करावी लागते आणि ते काम महाग आणि प्रत्येकाला जमतंच असं नाही.

कोट तीन आठवड्यांनी आला. घातला, खांदा बसला. बाकी पोटावर ढिला, बाही पाऊण इंच लांब, आणि मानेखाली पाठीवर आडवी एक वळी. मागच्या चिरेवर फुलीचे टाके होते ते काढले, खिसे बाहेरून शिवून बंद होते ते ब्लेडने हळूच उघडले (खालचा एक तसाच ठेवला, त्यात मोबाइल ठेवून कोट ओघळतो), बाहीवरचं लेबल उसवलं. ही तिन्ही घालण्याआधी काढायचीच असतात, कित्येक लग्नांत लोक ती तशीच ठेवून फिरताना दिसतात आणि मला मनापासून वाईट वाटतं, कारण एवढे पैसे घालून कोट घेतलेला असतो आणि कोणी सांगितलेलं नसतं.

मग शुक्रवारी सुट्टी टाकून म्हापशाला गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुने टेलर आहेत, सत्तरीच्या पुढचे, ख्रिश्चन लग्नांचे सूट शिवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, आमच्या ऑफिसातल्या एकाने पत्ता दिला होता. शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस, गाडी लावायला जागा नाही, पण अंकल शुक्रवारी नक्की असतात. त्यांनी कोट बघितला, किंमत विचारली नाही, कुठून घेतला विचारलं नाही, मला घालायला लावून मागे उभे राहिले, दोन्ही तळहात खांद्यांवर ठेवले आणि म्हणाले, "खांदो बरो बसला. उरिल्लें हांव करतां," म्हणजे खांदा चांगला बसलाय, बाकीचं मी करतो. मग म्हणाले हात पुढे कर जसा कोणाला मिठी मारतोस तसा, आता बस, आता खुर्चीवरून उठ, आता शेकहँड कर. सरळ उभं असताना नुसतं बघून ते खुणा करतच नाहीत, माणूस कोट घालून पुतळ्यासारखा उभा राहत नाही म्हणाले. डाव्या खांद्यापेक्षा माझा उजवा खांदा थोडा खाली आहे हे मला अडतीस वर्षांत पहिल्यांदा कळलं, पाठीवरची वळी त्याच्यामुळेच, कॉलर उसवून उजव्या बाजूने किंचित खाली घेतली की जाते. पोटावर दोन्ही बाजूंच्या शिवणींतून मिळून एक इंच, बाही पाऊण इंच कमी, शर्टाचा कफ अर्धा इंच बाहेर दिसला पाहिजे या हिशोबाने, म्हणून बाहीचं माप देताना त्या दिवशी घालायचा शर्टच अंगात हवा.

मी सोबत बाबांचा कोट नेला होता, सहज दाखवायला. अंकलनी तो उलटा केला, अस्तर एका ठिकाणी विरलं होतं तिथून आत बोट घातलं आणि मला बोलावून दाखवलं: आतमध्ये घोड्याच्या केसांचं कापड, त्याच्यावर तिरक्या ओळींत हाताचे बारीक टाके, शेकडो. लॅपेल हाताने वळवून सोडला की तो आपोआप परत वळायचा, चाळीस वर्षांनी. त्यांनी तो शिवला नव्हता, पण कोणत्या दुकानातला असेल ते टाके बघून सांगितलं, दुकान केव्हाच बंद झालंय. याला फेकू नको, अस्तर बदल, आणखी वीस वर्षं जाईल म्हणाले. माझ्या कोटाच्या कामाचे ७०० रुपये घेतले. एवढं काम, एवढ्या वर्षांचा हात, ७०० रुपये. मी हजार दिले तर तीनशे परत केले.

पँटसाठी त्यांचा सल्ला असा की कंबर आणि खालची लांबी यांची चिंता करू नका, कंबर दीडदोन इंच इकडेतिकडे होते, पण बसताना मध्ये ओढत असेल, म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंतची उंची कमी असेल तर ती पँट परत करा, ते कोणालाही दुरुस्त करता येत नाही. कोटाचं खांद्याचं तसंच. ऑनलाइन घेताना काय बरोबर यायलाच हवं आणि काय नंतर होतं हे एवढं समजलं की अर्धं काम झालं.

लग्न छान झालं. संध्याकाळी पाच तास कोट अंगावर होता, जेवणाच्या पंगतीपर्यंत काढला नाही.

आता दुसरा भाग, आणि गोव्यात राहणाऱ्यांना खरं तर हाच जास्त महत्त्वाचा. लग्नासाठी कोटाबरोबर मी दोन लिननचे शर्ट पण घेतले होते, एक पांढरा, एक फिकट निळा. लिनन घेताना "लिया" नावाचा, धागा किती बारीक ते सांगणारा आकडा विचारा, ४० लिया जाड, ६० लिया बारीक, रोजच्या शर्टाला ६० चांगलं आणि पँटला ४० च्या आसपास. धुऊन आटवलेलं कापड आहे का तेही विचारा. माझ्या पांढऱ्या शर्टाची लांबी घ्यायच्या आधी ३० इंच होती, पहिल्या धुण्यानंतर सव्वाएकोणतीस, म्हणजे अडीच टक्के गेली, निळा आधीच धुतलेला होता तो जागचा हलला नाही. म्हणून कुठलाही शर्ट आल्याबरोबर आहे तसा मोजून लिहून ठेवायचा, एकदा धुवून परत मोजायचं, आणि मगच काही अल्टर करायचं असेल तर टेलरकडे. पण रिटर्नची मुदत लक्षात ठेवा, धुतलेला कपडा कोणी परत घेत नाही, तेव्हा खांदा आणि छाती पहिल्याच दिवशी बघून घ्या, लांबीत अर्धा पाऊण इंच आटायला जागा आहे ना ते बघा.

जूनमध्ये पाऊस लागला. मी कोट ड्रायक्लीन करून आणला, त्यांनी दिलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत तसाच टांगला, खिशात दोन डांबर गोळ्या टाकल्या. पांढरा लिनन धुऊन, आजी करायची तशी पेजेची खळ घालून, कडक इस्त्री करून घडी करून ठेवला. मला वाटलं आता सगळं नीट झालं. जुलैच्या शेवटी कपाट उघडलं तर वास आला, आणि शर्ट उलगडला तर घडीघडीवर काळे ठिपके, बारीक, मिरीपूड टाकल्यासारखे. कोटाच्या कॉलरखाली पांढरट बुरशी. मी खरंच खाली बसलो.

कंपनीत आमच्या मायक्रो लॅबमध्ये बुरशीची टेस्ट करतात, त्यासाठी प्लेट २० ते २५ डिग्रीच्या इन्क्युबेटरमध्ये ५ ते ७ दिवस ठेवतात, खायला साखर घातलेलं माध्यम देतात आणि ओल सुटू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी लॅबमधल्या मैत्रिणीला फोटो दाखवला तर ती म्हणाली तू कपाटात हेच केलंयस. पेजेची खळ म्हणजे स्टार्च, बुरशीचं जेवण, आणि कसरीचंही. प्लास्टिकची पिशवी म्हणजे आतली ओल आतच. डांबर गोळ्या किड्यांसाठी, बुरशीला त्याचं काहीच नाही. आणि आमचं कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं, चिऱ्याची भिंत, पावसाचा मारा पश्चिमेकडून, भिंत आतून गार आणि ओली. मी एक छोटं डिजिटल आर्द्रतामापक मागवलं, तीनचारशे रुपयांना येतं, कपाटात ठेवलं तर ८८ टक्के. बुरशीला साधारण ७० च्या वर गेलं की पुरे होतं.

कोट आधी बाहेर पडवीत नेला, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटकला (घरात झटकू नका, बुरशीचे बीजाणू सगळीकडे पसरतात), पाऊस थांबला त्या दिवशी दुपारी उलटा करून वाऱ्यावर ठेवला आणि मग ड्रायक्लीनवाल्याला बुरशी आहे असं स्पष्ट सांगून दिला. तो पूर्ण वाचला. पांढरा लिनन ऑक्सिजन ब्लीचच्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवला, दोनदा केलं, ठिपके फिके झाले पण घडीवरचे आठदहा अजून दिसतात. तो शर्ट आता घरी घालतो. क्लोरिनचं ब्लीच मी वापरलं नाही, लिननचा धागा त्याने अशक्त होतो, लोकरीला तर लावायचंच नाही, लोकर पिवळी पडते आणि झिजते.

नंतर मी काय काय बदललं ते सांगतो. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं, मागून हवा जाते. कपाटात दाटी कमी केली, दोन हँगरमध्ये मूठ जाईल एवढी जागा. प्लास्टिकच्या पिशव्या गेल्या, जुन्या सुती चादरीची कव्हरं आईने शिवून दिली. पावसाळ्यात खळ बंद, आजीची पेज गणपतीनंतर. कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मिळतात ते खालच्या कप्प्यात ठेवतो, जुलैत एक डबा वीसेक दिवसांत पाण्याने भरतो, ते पाणी कपड्यांवर सांडू देऊ नका, खारट चिकट असतं आणि सुकत नाही. आमच्या आजोळी शिसवी कपाटात पंधरा वॉटचा पिवळा बल्ब दिवसभर जळत ठेवायचे, लहानपणी मला त्याचं कारण कळायचं नाही, आता कळलं, हवा दोनतीन डिग्री गरम झाली की तिची आर्द्रता खाली येते. एलईडीने ते होत नाही. बल्ब कपड्यांपासून लांब आणि जाळीत हवा. आणि सगळ्यात जास्त फरक कशाने पडला असेल तर घातलेला कपडा त्याच दिवशी कपाटात न ठेवण्याने. कोट काढला की रात्रभर पंख्याखाली रुंद खांद्याच्या लाकडी हँगरवर, सकाळी ब्रश, मगच कपाटात. ड्रायक्लीन आता वर्षातून एकदाच, पावसाळ्याच्या आधी, कारण घाम आणि अन्नाचे कण राहिले की बुरशी तिथेच धरते.

डागांचं थोडं. हुमणाचा (आमची माशांची आमटी) डाग पांढऱ्या शर्टावर पडला आणि साबण लावला की तो लाल होतो, घाबरायचं नाही, हळद साबणासारख्या अल्कलीत लाल दिसते, धुऊन टाकलं की परत पिवळी. तेल साबणाने काढा आणि उरलेला पिवळा रंग कडक उन्हात ठेवा, दोन दिवसांत जातो, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून हुमण खाताना मी पांढरं घालत नाही एवढंच. लाल मातीचे डाग ब्लीचने काढू नका, त्यात लोह असतं, आधी पूर्ण सुकू द्या, झटका, मग लिंबू लावा. काजूच्या बोंडूचा रस मात्र लागला की गेला, त्याला मला आजवर काही सापडलं नाही, मार्च ते मे बागेत जाताना चांगला शर्ट नको. काखेतले पिवळे डाग नुसत्या घामाचे नसतात, घाम आणि घाम रोखणाऱ्या डिओडरंटमधलं ॲल्युमिनियम मिळून होतात, पांढऱ्या विनेगरमध्ये अर्धा तास भिजवून धुतलं की नवे असतील तर निघतात. आपलं माडाचं विनेगर वापरू नका, त्याला स्वतःचाच रंग असतो.

इस्त्री लिननला अर्धवट ओली असतानाच, सुकल्यावर कितीही दाबा चुण्या जात नाहीत. लोकरीवर मध्ये सुती फडकं ठेवून, नाहीतर कापडाला चकाकी येते आणि ती सहज जात नाही. करवंटीच्या निखाऱ्यांवर इस्त्री करणारे आमच्या नाक्यावर आहेत, कॉटनला त्यांच्यासारखी इस्त्री घरी होत नाही, पण शिंपल्याची बटणं असतील तर त्यांना आधी सांगा, जड इस्त्रीखाली ती तुटतात. लेदरचे बूट खोक्यात नको, उघड्या फळीवर, आत वर्तमानपत्राचे बोळे, दर चार दिवसांनी बोळे बदलायचे.

हा दुसरा पावसाळा चाललाय. आज सकाळी कपाटातला आकडा ६१ होता, बाहेर पडवीत ९० च्या वर. काल रात्री सगळे कपडे एकेक करून उलटून बघितले, निळ्या लिननच्या कॉलरच्या आतपर्यंत, कुठे ठिपका नाही. बाबांचा कोट आता ट्रंकेत नाही, माझ्या कोटाशेजारी टांगलेला आहे, त्याचं अस्तर अजून तसंच विरलेलं. अंकलना फोन केला होता, पावसात अस्तराचं कापड नीट बघता येत नाही, उजेड हवा म्हणाले, चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर आण. बाबा म्हणतात मीही येतो, ते जुनं दुकान कुठे होतं ते मला दाखवायचंय.